आडवा दांडा आणि भाराची वाटणी : प्रस्तावना

जुनी मोटार वळणावर फार कलते, ही तिच्या मालकाची पहिली तक्रार असते. आणि पुढच्या चाकांमधला आडवा दांडा, ज्याला वर्कशॉपमध्ये स्टॅबिलायझर बार आणि पुस्तकांत अँटी-रोल बार म्हणतात, तो काढून त्याच्या जागी अधिक जाड दांडा बसवावा, हा त्या तक्रारीवर त्याला सुचविला जाणारा पहिला उपाय असतो. उपाय फार खर्चाचा नाही, एका दुपारात उरकण्याजोगा आहे, आणि पहिल्याच वळणावर त्याचा फरक अंगाला जाणवतो. परंतु ज्या उपायाचा गुण तत्काळ जाणवतो, त्याचे अंतरंग तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आणि या दांड्याच्या बाबतीत तर आसनावर बसलेल्या माणसाला जे जाणवते ते, आणि टायर व रस्ता यांच्या दरम्यान प्रत्यक्ष जे घडते ते, यांत एवढी तफावत आहे की, समाधानाने घरी परतलेल्या पुष्कळशा मालकांच्या गाड्या पूर्वीपेक्षा कमी कलतात खऱ्या, पण पूर्वीपेक्षा बऱ्या वळतातच असे नाही. ही तफावत उकलून दाखवावी, एवढेच या पुस्तिकेचे प्रयोजन आहे. शर्यतीच्या मैदानावर गाडी नेणाऱ्यांसाठी ती लिहिलेली नाही. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढून खड्ड्यांच्या, गतिरोधकांच्या, पावसात निसरड्या होणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून ती चालविणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे, आणि या दोन वर्गांच्या गरजा किती भिन्न आहेत हे पुढे वारंवार सांगावे लागणार आहे.

प्रथम वस्तूची ओळख. स्प्रिंगच्या पोलादाचा एक गोल दांडा गाडीच्या आडव्या अंगाने, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे गेलेला असतो. त्याची दोन्ही टोके वाकवून हात केलेले असतात. मधला भाग रबरी बुशांतून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, आणि हातांची टोके लहानशा लिंकांनी दोन्ही बाजूंच्या खालच्या विशबोनांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर आली, म्हणजे गाडी एखाद्या गतिरोधकावरून सरळ गेली, की दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो. त्याला करण्यासारखे काही काम उरत नाही. मात्र एक चाक वर आणि दुसरे खाली अशी स्थिती आली की त्याला पीळ बसतो, आणि पिळाला विरोध करताना तो वर गेलेल्या चाकाला खाली आणि खाली गेलेल्या चाकाला वर ढकलू पाहतो. वळणावर गाडी कलते तेव्हा हीच स्थिती येते, आणि म्हणून कलणे कमी होते. आपल्या ॲम्बॅसडरच्या पुढच्या चाकांना जे टॉर्शन बार असत, तेही पिळानेच काम करीत. परंतु ते गाडीचे वजन पेलीत असत. आपला आडवा दांडा वजन मुळीच पेलीत नाही, आणि हा भेद ज्यांच्या मनात पक्का नाही त्यांनी पाना हाती घेऊ नये.

या दांड्याचे पहिले पेटंट १९१९ सालच्या एप्रिलमध्ये कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना मिळाले. तथापि पुढची कित्येक वर्षे मोटारींत तो विरळाच आढळे, कारण त्या काळचे कमानपाटे मुळातच इतके कडक असत की गाडीला फारसे कलू देत नसत, आणि जे काही कलणे होई ते त्या वेळचे प्रवासी निमूटपणे सोशीत. दांड्याची खरी गरज निर्माण झाली ती गाड्या मऊ झाल्यावर. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत आलेले अभियंते मॉरिस ऑली यांच्या प्रयत्नांनी १९३४ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढच्या चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन लाभले, आणि पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर प्रवास सुखाचा होतो हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. मऊ स्प्रिंगा आल्या तसे कलणे वाढले, आणि कलण्याला आवर घालण्यासाठी आडवा दांडा आला. म्हणजे त्याचा जन्म सुखासीनतेच्या पोटी झाला आहे. आज तो शूरपणाची खूण म्हणून विकला जातो, हा त्याच्या चरित्रातला एक गमतीचा विपर्यास म्हणावा लागेल.

आता मुख्य मुद्दा. वळणावर आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा स्थलांतरित होणारा एकूण भार किती, हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि वळण घेण्याचा वेग यांवर ठरते. दांडा जाड केल्याने त्यात नाव घेण्यासारखी घट होत नाही. गाडी कमी कलली म्हणजे बाहेरच्या टायरांवरचा ताण कमी झाला, ही जी सार्वत्रिक समजूत आहे ती सपशेल चुकीची आहे. दांडा फक्त एवढेच ठरवितो की, त्या एकूण भारापैकी किती हिस्सा पुढच्या चाकांच्या जोडीने सोसावा आणि किती मागच्या. पालखीला पुढे आणि मागे खांदा देणारे भोई असतात. वाट चढू लागली की पालखीचे वजन वाढत नाही, पण मागच्याच्या खांद्यावर अधिक येते, आणि पुढच्याला हलके वाटले म्हणून पालखी हलकी झाली असे कोणी म्हणत नाही. पुढचा दांडा जाड केला की भाराच्या स्थलांतराचा मोठा वाटा पुढच्या जोडीवर येतो. मागचा जाड केला की मागच्या जोडीवर.

या वाटणीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला तर त्याची रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाही. ती वाढते, पण भाराच्या मानाने मागे पडते. त्यामुळे एका जोडीतील दोन चाकांवर सारखा भार असताना त्या जोडीची जी एकत्रित पकड असते, ती एका चाकावरून काढून दुसऱ्यावर भार टाकताच घटते. यावरून निष्कर्ष सरळ निघतो: ज्या टोकाचा दांडा जाड, त्या टोकाची पकड कमी. पुढचा दांडा अतोनात जाड केलेली गाडी सुकाणू फिरवूनही नाक वळणाबाहेर ढकलीत जाते. मागचा जाड केलेली गाडी वेळी-अवेळी शेपूट फेकते. पहिला दोष सामान्य चालकाच्या आटोक्यातला आहे, कारण पाय उचलला की बहुधा तो शमतो. दुसरा दोष नेमका पाय उचलताच उफाळतो, आणि घाबरलेला मनुष्य पाय उचलतोच. सबब, शंका असेल तेव्हा पुढच्या बाजूने चूक करावी, मागच्या बाजूने करू नये, हा रस्त्यावरच्या गाडीचा पहिला शिरस्ता आहे.

दांड्याच्या असण्या-नसण्याने काय होते याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेत घडला. शेव्हरोलेची कॉर्व्हेर ही गाडी १९६० च्या नमुन्यापासून बाजारात आली. तिचे इंजिन मागे, मागची चाके स्विंग-ॲक्सलवर, आणि वजनाचा मोठा भाग मागच्या बाजूला. अशा गाडीचे शेपूट बेताल होऊ नये म्हणून पुढच्या टोकाची पकड जाणूनबुजून कमी ठेवणे अवश्य होते, आणि पुढचा दांडा त्यासाठी अगदी योग्य साधन होते. पण तो दिला गेला नाही. त्याच्या ऐवजी कारखान्याने हवेच्या दाबाचा आश्रय घेतला: थंड टायरांत पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड, अशी त्याची शिफारस होती. शास्त्रदृष्ट्या ही तजवीज चुकीची नव्हती. पुढचे टायर मऊ ठेवून तोच परिणाम साधण्याचा तो प्रयत्न होता. परंतु जो परिणाम पोलादाच्या एका तुकड्याने कायमचा साधला असता तो पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याच्या हाती सोपविला गेला, आणि त्या पोऱ्याने सगळीकडे सारखीच हवा भरली की संपली सारी तजवीज. १९६४ च्या नमुन्याला अखेर पुढचा दांडा आणि मागे आडवा कमानपाटा देण्यात आला, व १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शन समूळ बदलले. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याच्या पहिल्याच प्रकरणाने या गाडीचे नाव चिरकाल काळवंडले. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने चाचण्या घेऊन, ही गाडी आपल्या काळच्या इतर गाड्यांहून विशेष घातक नव्हती, असा निर्वाळा दिला. न्याय कोणाच्या बाजूचा, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्यापुरता बोध असा की, दांडा, टायर आणि हवा हे एकाच हिशेबातले तीन रकाने आहेत आणि एकाला हात लावला की उरलेल्या दोहोंची बेरीज पुन्हा करावी लागते.

पुस्तिकेतील बहुतेक उदाहरणे मात्र इंग्लंडच्या एमजीबीवरून घेतली आहेत, आणि या निवडीचा खुलासा करणे अवश्य आहे. ही गाडी १९६२ च्या शरदात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात बनत राहिली. सर्व प्रकार मिळून तिची संख्या पाच लाखांवर गेली. तिचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात, जाड दांड्यांचे अनेक प्रकार तिच्यासाठी तयार होतात, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यावर इतके प्रयोग केले आहेत की अभ्यासकाला दुसरी सोयीची गाडी सापडणे कठीण. परंतु याहून सबळ कारण असे की, तिच्या उत्पादकांनी स्वतःच हा दांडा एकदा दिला, एकदा काढून घेतला आणि पुन्हा दुप्पट करून परत केला. म्हणजे जो प्रयोग आपण आपल्या पडवीत करू इच्छितो, तो कारखान्याने भर बाजारात करून ठेवला आहे.

आरंभीच्या उघड्या एमजीबीला पुढचा दांडा जादा पैसे देऊनच घ्यावा लागे. १९६५ मध्ये छपराची जीटी आली तेव्हा तिला तो मुळातच दिला गेला, आणि पुढे लवकरच उघड्या गाडीलाही मिळाला. १९७४ च्या शरदात अमेरिकेच्या कायद्यांची पूर्तता करण्यासाठी गाडीला काळे, जड बंपर बसविण्यात आले, आणि बंपरांची व दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून सबंध गाडीच सुमारे एक ते दीड इंच उचलण्यात आली. गुरुत्वमध्य वर गेला, वजन वाढले, वळणावरचे भाराचे स्थलांतर वाढले; आणि ज्या घडीला दांड्याची गरज पूर्वी कधी नव्हती इतकी उत्पन्न झाली, नेमक्या त्याच घडीला कोणा हिशेबनिसाच्या लेखणीने तो खर्चकपातीच्या यादीत घातला. १९७५ च्या नमुन्याची उघडी गाडी त्यामुळे वळणावर जहाजासारखी डोलते अशी तिची दुष्कीर्ती झाली, आणि माझ्या मते ती पूर्णपणे रास्त होती. १९७७ च्या नमुन्यापासून पुढचा दांडा परत आला आणि मागेही एक दांडा देण्यात आला. या इतिहासावरून घेण्यासारखा व्यावहारिक मुद्दा असा: १९७४ पूर्वीच्या चकचकीत बंपरांच्या गाडीचे आणि नंतरच्या काळ्या बंपरांच्या गाडीचे दुखणे एक नाही. पहिलीला बहुधा पुढचा थोडा जाड दांडा पुरतो. दुसरीचे मूळ दुखणे उंची हे आहे, आणि उंची जशीच्या तशी ठेवून केवळ दांडे जाड करीत जाणे म्हणजे कलण्याचे दृश्य झाकणे होय. गाडी पूर्वीच्या उंचीवर आणली तर निम्मा प्रश्न दांड्याला हात न लावताच सुटतो.

चकचकीत बंपरांच्या गाडीला मागचा दांडा का नको, हेही येथेच सांगतो, कारण या बाबतीत मजवर वारंवार हट्टीपणाचा आरोप झालेला आहे. एमजीबीचा मागचा ॲक्सल अखंड असून तो दोन कमानपाट्यांवर बसविलेला आहे. अशा रचनेत मागचे टोक ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू बराच उंच, जवळजवळ चाकाच्या मध्याच्या उंचीवर असतो, तर पुढच्या विशबोनांच्या टोकाचा तो बिंदू जमिनीलगत असतो. म्हणून मागचे टोक आपल्या भूमितीच्या बळावरच कलण्याला पुष्कळ विरोध करते. मदतीची गरज पुढच्याला असते. शिवाय मागचा दांडा जाड असला की तीव्र वळणावर आतले मागचे चाक हलके होते, प्रसंगी उचलले जाते, आणि साध्या डिफरन्शियलची गाडी मग सारी शक्ती त्या अधांतरी चाकाला देऊन टाकते. पहिल्या पावसाच्या चिकट, तेलकट रस्त्यावर या गोष्टीचा अनुभव घेण्यासारखा नाही.

जाडी किती वाढवावी, या प्रश्नाला गणिताचा आधार घ्यावा लागतो. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. जुन्या उघड्या गाडीतला ९/१६ इंचाचा दांडा काढून ३/४ इंचाचा बसविला, तर डोळ्याला तो जेमतेम तिसऱ्या हिश्शाने जाड दिसतो. पण तो तिपटीहून अधिक कडक असतो. ७/८ इंचाचा बसविला तर कडकपणा जवळजवळ सहापट होतो. ५/८ वरून ३/४ वर जाणारासुद्धा, फरक इंचाच्या आठव्या भागाचाच म्हणून निर्धास्त असतो, आणि त्याने कडकपणा दुप्पट केलेला असतो. अर्थात हे आकडे केवळ दांड्याचे आहेत. कलण्याला होणाऱ्या एकूण विरोधात स्प्रिंगांचाही हिस्सा असल्यामुळे गाडीचे कलणे त्याच प्रमाणात घटत नाही. हातांची लांबीही विसरता येत नाही: ती दहाव्या हिश्शाने घटवली की टोकाशी जाणवणारा कडकपणा सुमारे चौथाईने वाढतो, आणि टोकाशी दोन-तीन छिद्रे पाडलेले दांडे याच तत्त्वावर जुळवता येतात. पोकळ दांड्यांचा बडेजाव शर्यतवाल्यांना लखलाभ असो. वाचणारे किलो-दोन किलो रस्त्यावर कोणाच्या लक्षात येत नाहीत.

या कडकपणाची किंमत कोठे मोजावी लागते, हे जाहिरातीत नसते. खड्डा बहुधा एकाच चाकाला लागतो. एका चाकाला लागलेला खड्डा हे दांड्याच्या दृष्टीने कलणेच होय. तो वळण आणि खड्डा यांत भेद करू शकत नाही. तेव्हा जाड दांडा एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला आणि दोहोंच्या मधल्या माणसाला पोहोचवतो, आणि उंचसखल कडांच्या रस्त्यावर गाडी दोन्ही बाजूंना अशी झटकते की बसणाऱ्याची मान दुखावी. स्वतंत्र सस्पेन्शनसाठी ऑलीप्रभृतींनी जो खटाटोप केला, तो आपण आपल्या खर्चाने अंशतः रद्द करीत असतो. गुळगुळीत रस्त्यावर ७/८ इंचाची स्तुती करणाऱ्याने एकदा तोच दांडा घेऊन घाटातून पावसाळ्यानंतर जावे, म्हणजे इंचाच्या अष्टमांशांचा अभिमान किती टिकतो ते त्याला कळेल. रस्त्याच्या गाडीसाठी माझी शिफारस ५/८ ते ३/४ इंचांच्या पुढे जात नाही, आणि ती करतानाही मी टायर, बुश व शॉकॲब्सॉर्बर ठाकठीक आहेत असे गृहीत धरतो.

हे गृहीत प्रत्यक्षात क्वचितच खरे असते. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्या क्रॉस-प्लाय टायरांवर बाहेर पडल्या. आज त्यांच्यावर रेडियल असतात, ज्यांची पकड आणि बाजूच्या भिंतींची लवचिकता निराळी आहे, आणि ते दहा वर्षांचे जुने व कडक झालेले असले तर सारा हिशेब मातीमोल होतो. तिचे लीव्हर-आर्म जातीचे शॉकॲब्सॉर्बर तेलावर चालतात व तेल गळले की नुसते हलतात. दांड्याचे रबरी बुश वाळून फुटले असले तर पहिल्या काही अंशांपर्यंत दांडा कामच करीत नाही आणि मग एकाएकी करू लागतो. चालकाला गाडी अनिश्चित वाटते, आणि तो दोष दांड्याच्या बारीकपणाला देतो. अशा कितीतरी गाड्यांना नवे बुश व नवे लिंक एवढेच औषध लागू पडते. पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कमी दबतात व म्हणून दांड्याला लवकर कामाला लावतात, हे खरे. पण त्यांना ग्रीस न दिल्यास ते कुरकुरतात.

बसविण्याच्या कृतीत दोन जागा घाताच्या आहेत. पहिली, लिंक आवळताना गाडी जॅकवर लोंबकळत ठेवणे. लिंक गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असताना, आणि जमल्यास चालक आसनावर असताना आवळावेत. अन्यथा दांड्यात आधीच पीळ भरून राहतो आणि गाडी एका बाजूच्या वळणावर एक व दुसऱ्या बाजूच्या वळणावर दुसरी अशी वागते. दुसरी, ज्या जागी दांडा सांगाड्याला धरला आहे ती जागा. अखंड बॉडीच्या जुन्या गाडीत तेथे अर्धशतकाचा गंज साठलेला असू शकतो, आणि तिपटीने कडक दांडा त्या पत्र्याला तसेच मोठे धक्के देतो. पत्रा ठोकून पाहिल्यावाचून, व अवश्य तर वेल्डिंगने पट्टी लावून घेतल्यावाचून, नवा दांडा बसवू नये.

कायद्याबाबत एक-दोन शब्द. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनात असे फेरफार करण्यास मनाई करते, की ज्यायोगे नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या वर्णनाशी विसंगत ठरतील. दांडा बदलल्याने त्या तपशिलाला धक्का लागतो की नाही, हे मालकाने आपल्या दफ्तरातील कागद व आरटीओचे म्हणणे ताडून पाहावे. विमा कंपनीला तर लेखी कळवून ठेवावेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचे जे मालक ही पुस्तिका चाळतील, त्यांनी एमजीबीचे आकडे आपल्या गाडीला उचलून लावू नयेत. तत्त्व तेच असले तरी वजन, स्प्रिंगा आणि टायर वेगळे आहेत, आणि गणित मांडण्याची रीत परिशिष्टात स्वतंत्रपणे दिली आहे.

प्रकरणांच्या अनुक्रमाबद्दल हस्तलिखित वाचलेल्या एका स्नेह्याने आश्चर्य व्यक्त केले होते. पहिले प्रकरण टायर व हवेचे आहे, दुसरे बुश व लिंकांचे, तिसरे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगांचे. दांडा चौथ्यात येतो, आणि मागच्या दांड्याला सहाव्यापर्यंत वाट पाहावी लागते. ज्यांना धीर नाही ते चौथे प्रकरण आधी उघडतीलच. म्हणून त्याच्या पहिल्या पानावर, आधीच्या तिन्ही प्रकरणांतील कामे झाली आहेत का, हे विचारणारा एक तक्ता छापला आहे.